रेघ आणि रंग : हस्तचित्रांचे संगणकावरील रंगकाम



मुलाच्या हाती पेन्सिल आली की ते बहुधा प्रथम माणूस काढते. वाटोळे डोके, दोन ठिपक्यांचे डोळे आणि काड्यांचे हातपाय. पुढे त्या माणसाच्या डोक्यावर टोपी चढते, कधी त्याला शेपटीही फुटते, आणि पाहता पाहता वहीच्या मागील पानावर एक स्वतंत्र पात्र उभे राहते. हे पात्र कागदावरून उचलून संगणकावर रंगविण्याचे साधन आता पुष्कळ शाळांच्या आवाक्यात आले आहे. या कामी शिक्षकाने काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही रीत दिसते तितकी नवी नाही. १८९४ साली मुंबईत निघालेला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेला रविवर्मा यांचा शिळाछापखाना सर्वांस ठाऊक आहे. तेथे एकेका रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करीत व एकावर एक ठसे उमटवून चित्र पुरे करीत. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टूनपट विभाग सुरू झाला. त्या काळच्या कार्टूनपटांत पारदर्शक पत्र्याच्या पुढील अंगास रेघ काढीत आणि रंग मागील अंगास भरीत. उद्देश एवढाच, की रंगाने रेघ झाकली जाऊ नये. पुढे १९९० साली डिस्ने संस्थेने आपल्या एका संपूर्ण चित्रपटाचे रंगकाम संगणकावर केले. तथापि त्यातील पात्रे कलावंतांनी कागदावर हातानेच रेखाटली होती. दगड गेला, पत्रा गेला. ‘रेघ वर, रंग खाली’ हा नियम मात्र टिकून राहिला.

वर्गात हे काम पुढीलप्रमाणे करता येईल. मुलांनी प्रथम पांढऱ्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढावे, मग काळ्या शाईने गिरवावे व शाई वाळल्यावर पेन्सिलीच्या खुणा खोडाव्यात. पात्राची कडा कोठेही उघडी राहू देऊ नये. संगणकावर बादलीच्या चिन्हाने रंग ओतला असता तो उघड्या फटीतून साऱ्या पानभर पसरतो. स्कॅनर असल्यास इंचास ३०० बिंदू या प्रमाणात चित्र घ्यावे. ए-४ कागदाचे असे चित्र सुमारे २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे होते. स्कॅनर नसल्यास दिवसाच्या उजेडात, सावली पडू न देता, मोबाईल कागदास समांतर धरून छायाचित्र घ्यावे.

‘क्रिता’ आणि ‘जिंप’ हे दोन चित्रकार्यक्रम विनामूल्य मिळतात. त्यांत चित्राचे निरनिराळे थर ठेवता येतात. प्रथम उजळपणातील फरक वाढवून कागद शुभ्र व रेघ काळी करावी. रेघेचा थर वर ठेवून त्यास ‘मल्टिप्लाय’ ही रीत लावावी. म्हणजे पांढरा भाग जणू पारदर्शक होतो व काळी रेघ तेवढी शिल्लक राहते. खालील नव्या थरावर रंग भरावा. आरंभी तीन-चार सपाट रंग पुरेत. छायेसाठी आणखी एक थर घेता येतो. काम संपल्यावर थरांसह एक प्रत आणि दाखविण्यासाठी साधी दुसरी प्रत, अशा दोन प्रती राखाव्यात. पडद्यावरील झगमगीत रंग कागदावर छापले असता मंद दिसतात, हेही मुलांना आधीच सांगावे.

आता मुख्य गोष्ट. चित्र पडद्यावर आले की वाकडी रेघ सरळ करण्याचा मोह शिक्षकास होतो. आजकाल तर अशीही यंत्रे निघाली आहेत, की मुलाचे चित्र त्यांस दिले असता क्षणात गुळगुळीत, रंगीत पात्र परत मिळते. भिंतीवर ते शोभते खरे. पण त्यात मुलाचे काय उरले? ‘माझ्या हातचे ते वाईट, यंत्राचे ते चांगले’ हा धडा जर मूल शिकले, तर ते पुढे कागदास हात लावणार नाही. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून मराठी घरांत परिचित झाला तो त्याच्या रेघेमुळे. व्यंगचित्रातील पात्राची ओळख रेघेत असते; रंग तिला उठाव देतो.

रंगाच्या बाबतीतही घाई नको. नवी मुंबईच्या खाडीकाठी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. ठाणे खाडीतील त्यांच्या वस्तीस २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथील एखाद्या मुलीने आपला रोहित करड्या रंगाने भरला, तर ‘रोहित गुलाबीच असतो’ म्हणून तिला थांबवू नये. रोहिताची पिले करडीच असतात. पुढे अन्नातील द्रव्यांमुळे त्यांच्या पिसांस गुलाबी छटा चढते. कदाचित त्या मुलीने शिक्षकापेक्षा अधिक नीट पाहिलेले असेल! म्हणून तिचा रंग बदलण्यापूर्वी ‘हा रंग का घेतलास?’ एवढे विचारावे. तिच्या उत्तरात निसर्गपाठ आपोआप होतो.

साधने थोडी असल्यास हरकत नाही. एक संगणक व पाच मुलांचा गट पुरेसा आहे. एकाने रंगवावे, इतरांनी रंग सुचवावेत व पाळीपाळीने जागा बदलावी. मात्र ज्याचे चित्र, त्याच्या संमतीवाचून त्यातील एकही रेघ बदलू नये. प्रदर्शनात मूळ कागद आणि रंगीत प्रत शेजारी शेजारी लावावी. पाहणारास दोहोंत एकच पात्र ओळखू आले, तर काम साधले असे समजावे; न आले, तर यंत्र जिंकले आणि मूल हरले. ही काळजी संगणक घेणार नाही. ती शिक्षकानेच घ्यावयाची आहे.