यादीबाहेरचा प्रभाव : अँड्र्यू लेव्ही आणि मूत्रपिंडाचे गणित

संशोधकाचा विद्वज्जगतावरील प्रभाव मोजण्यासाठी आज प्रामुख्याने दोन आकडे पुढे केले जातात: त्याच्या लेखांचे इतरांनी दिलेले एकूण संदर्भ आणि भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक, म्हणजे प्रत्येकी किमान पन्नास संदर्भ मिळालेले पन्नास लेख ज्याच्या नावावर आहेत त्याचा निर्देशांक पन्नास. बढतीच्या मुलाखतीत या आकड्यांचे काय होते, हे सभागृहातील प्राध्यापकवर्गास सांगण्याची गरज नाही. (हशा) प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन मात्र असे की, संशोधन जितके खोल रुजते तितके लोक त्याचा संदर्भ देणे सोडून देतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी ओळखले होते.

बोस्टनमधील टफ्ट्स येथील अँड्र्यू लेव्ही हे याचे ठळक उदाहरण होय. मूत्रपिंडाची रचना श्रोत्यांस शालेय पुस्तकांतून परिचित असल्याने ती येथे वगळली आहे. अमेरिकेत 1989 ते 1993 या काळात, आहारातील प्रथिने कमी केल्यास मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो का, हे तपासणारी मोठी चाचणी झाली आणि तिच्या मूळ प्रश्नाला निःसंदिग्ध उत्तर मिळाले नाही. परंतु तिच्यासाठी तपासलेल्या 1628 रुग्णांची गाळणक्षमता, म्हणजे मूत्रपिंडे दर मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात, काटेकोरपणे मोजलेली होती. त्या नोंदींवरून लेव्ही व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये असे सूत्र मांडले की, स्नायूंत सतत तयार होऊन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणाऱ्या क्रिएटिनीन या द्रव्याचे रक्तातील प्रमाण, वय, लिंग इत्यादींवरून ही क्षमता अंदाजता यावी.

येथे याच कामासाठीच्या एका जुन्या सूत्राचा उल्लेख अपरिहार्य आहे. डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट यांनी 1976 मध्ये 249 रुग्णांच्या आधारे दिलेले हे सूत्र इतके सुटसुटीत की ते पाठच होते: 140 मधून वय वजा करावे, उत्तराला वजनाने गुणावे आणि क्रिएटिनीनच्या 72 पटीने भागावे. हे रुग्ण जवळपास सर्व पुरुष होते. स्त्रियांसाठी उत्तर पंधरा टक्क्यांनी कमी करावे, ही सूचना मोजमापातून नव्हे, तर त्यांचा स्नायुभार कमी असतो या गृहीतावरून आली, आणि तरीही औषधांच्या मात्रा ठरवताना ती आजही पाळली जाते. स्वतः कॉकक्रॉफ्ट यांचे आयुष्य पुढे कॅनडातील सस्कॅचवन विद्यापीठात दम्याच्या संशोधनात गेले. त्यांचे नाव मात्र जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी बसले ते मूत्रपिंडामुळे. दम्याच्या अभ्यासकांनी यावर रागवायचे की हसायचे, हा त्यांचा प्रश्न. (हशा) हा विषय नियोजित वेळेपेक्षा लांबला, हे अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून दिसतेच आहे.

व्यासपीठावर आलेल्या एका चिठ्ठीत असा आक्षेप आहे की, लेव्ही यांना तर उदंड संदर्भ मिळालेले आहेत, मग मोजमाप चुकले कुठे? आक्षेप रास्त आहे, पण तो प्रतिपादनाला छेद देत नाही. संदर्भांची संख्या सूत्रावर लेख लिहिणाऱ्यांची नोंद करते. रक्ततपासणीच्या अहवालात ‘ईजीएफआर’ (अंदाजित गाळणक्षमता) या अक्षरांपुढे छापलेला आकडा वापरणाऱ्यांची नव्हे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची व्याख्या व पाच टप्पे निश्चित करणाऱ्या 2002 च्या अमेरिकी मार्गदर्शिकेच्या गटाचे नेतृत्व लेव्ही यांच्याकडेच होते. तीन महिन्यांहून अधिक काळ मिनिटाला 60 मिलिलिटरच्या खाली राहिलेली गाळणक्षमता म्हणजे आजार, हा निकष आज सर्वत्र वापरला जातो, पण तो कोणी घालून दिला हे कोणी विचारत नाही.

वेळ संपत आली असल्याने उत्तरार्ध आटोपता घेणे भाग आहे. कृष्णवर्णीयांची गाळणक्षमता जास्त दाखवणारा गुणक 1999 च्या व त्यानंतर आलेल्या 2009 च्या सुधारित सूत्रातही होता, त्यामुळे त्यांच्या आजाराचे निदान व प्रत्यारोपणाच्या यादीतील नोंद लांबण्याचा धोका होता. 2021 मध्ये तो गुणक काढणाऱ्या लेखकांतही लेव्ही आहेत. भारतीयांचे काय? चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले की, क्रिएटिनीनवर आधारलेली प्रचलित सूत्रे भारतीयांची गाळणक्षमता प्रत्यक्षाहून अधिक दाखवतात. स्नायुभार आणि मांसाहार कमी असला की क्रिएटिनीनही कमी तयार होते. या शोधनिबंधाला किती संदर्भ मिळाले, याची चौकशी येथे मुद्दामच केलेली नाही. (हशा) उरलेल्या तीनही चिठ्ठ्या स्वतःच्या अहवालांविषयीच्या असल्याने त्या संबंधितांच्या डॉक्टरांकडे वर्ग करण्यात येत आहेत.