उत्मानझईचे डॉक्टर
(संस्थेच्या पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांच्या थोरल्या भावाचे नाव मात्र माझ्या वर्गात विचारले, तर एकही हात वर होत नाही. त्या डॉक्टर खान साहेबांविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

पेशावरजवळच्या उत्मानझई गावचे बेहराम खान हे जमीनदार. मुल्ला-मौलवींचा विरोध असतानाही त्यांनी आपले दोन्ही मुलगे पेशावरच्या मिशन हायस्कुलात घातले. थोरला पुढे आपल्या मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात आला आणि तेथून डॉक्टरीसाठी लंडनला गेला. तेथेच मेरी नावाच्या गोऱ्या मुलीशी त्याने लग्न केले. धाकट्याचीही विलायतेला जाण्याची तयारी झाली होती. पण आईने अडवले. एक मुलगा गेला तो गेलाच, आता दुसरा जाऊ देणार नाही, असे तिचे म्हणणे होते. गफार खान राहिले आणि १९२१ साली त्यांनी उत्मानझईत आझाद शाळा काढली. त्या आईला अडाणी म्हणण्याची मला तरी हिंमत होत नाही. मुलाला बाहेरगावच्या वसतिगृहात ठेवा म्हटले की माता-भगिनींच्या डोळ्यांत जे पाणी येते, ते मी दर जूनमध्ये पाहतो.

थोरलाही परतला, पण लष्करी डॉक्टर म्हणून. वझिरिस्तानात आपल्याच पठाणांवर चालून जाणाऱ्या फौजेबरोबर जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे दोघा भावांना तुरुंगवास घडला. १९३४ साली सुटका झाली, पण सरहद्द प्रांतात पाऊल ठेवण्याची बंदी! तेव्हा ते आपल्या वर्ध्याला जमनालाल बजाजांकडे राहिले.

१९३७ मध्ये डॉक्टर साहेब प्रांताचे पंतप्रधान झाले. त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसेच म्हणत. महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९४६ च्या निवडणुकीत ५० पैकी ३० जागा काँग्रेसला मिळाल्या. मुस्लिमबहुल प्रांतात हे घडले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पण वर्षभरातच वारे फिरले. जुलै १९४७ च्या सार्वमतावर खुदाई खिदमतगारांनी बहिष्कार घातला, प्रांत पाकिस्तानात गेला आणि २२ ऑगस्ट रोजी डॉक्टर साहेबांचे मंत्रिमंडळ बडतर्फ झाले. विधिमंडळात बहुमत त्यांचेच होते!

इथवर गोष्ट सरळ आहे. पुढची सांगताना मी अडखळतो. नजरकैद भोगलेले डॉक्टर साहेब १९५४ मध्ये पाकिस्तानच्या केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. १९५५ मध्ये पंजाब, सिंध, सरहद्द, बलुचिस्तान असे सारे एकत्र करून 'एक घटक' पश्चिम पाकिस्तान बनवला गेला, त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच. पठाणांचा प्रांत नकाशावरून पुसणारी ही योजना धाकट्या भावाला मुळीच मान्य नव्हती. ते गावोगाव तिच्याविरुद्ध बोलत फिरले आणि १९५६ साली त्यांना अटक झाली. मुख्यमंत्रिपदावर तेव्हा सख्खा भाऊ होता.

काही म्हणतात, खुर्चीचा मोह. मला ते पुरेसे वाटत नाही. सत्तरी ओलांडलेल्या, सरकारी रोषाने थकलेल्या माणसाला, आत शिरून काही करता येईल असे वाटले असावे. तरीही भाऊ तुरुंगात असताना तो दरबार त्यांना कसा सोसवला, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

ती खुर्चीही जुलै १९५७ मध्ये गेली. ९ मे १९५८ रोजी लाहोरला मुलाच्या घरी असताना अता मोहम्मद नावाच्या माणसाने त्यांना भोसकले. तो कोणी राजकीय वैरी नव्हता. नोकरीवरून काढलेला एक पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, एवढीच त्याची ओळख. डॉक्टर साहेबांना उत्मानझईला दफन करण्यात आले. 'एक घटक' १ जुलै १९७० रोजी मोडला आणि सरहद्द प्रांत पुन्हा नकाशावर आला. तो पाहायला धाकटा भाऊ हयात होता.