न थकणारी नजर

रंगवून स्थिर केलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकाच क्षणाचे चित्र दाखवते. प्रथिनाचे काम मात्र काळाच्या ओघात उलगडते. जेलीफिशमध्ये सापडलेल्या हिरव्या चकाकत्या प्रथिनामुळे जिवंत पेशीतली हालचाल दिसू लागली. या प्रथिनावरच्या कार्याला 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अडचण उरली ती संख्येची, कारण प्रथिने घडवणारी मानवी जनुके 20,000 च्या घरात आहेत. जर्मनीत हायडेलबर्ग इथल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जनुके एकेक करून निष्प्रभ केली आणि स्वयंचलित सूक्ष्मदर्शकांनी त्या पेशींचे दोन-दोन दिवस चित्रण केले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सुमारे 1,90,000 चित्रफिती जमल्या आणि पेशीविभाजनाशी निगडित अशी जवळपास 600 जनुके हाती लागली. एवढ्या फिती माणसाने पाहायच्या, तर सकाळची नजर संध्याकाळी टिकत नाही. म्हणून फितींची छाननीही संगणकाकडे सोपवली, आणि अशा यंत्राची खरी देणगी वेगापेक्षाही सर्वांना लावलेला एकच निकष ही आहे.

यंत्राला शिकवले तेवढेच ते ओळखते, हा आक्षेप खराच. पण जपून ठेवलेली फीत उद्या नव्या प्रश्नासाठी पुन्हा तपासता येते. प्रकाशाने पेशीला इजा होते, हेही खरे. म्हणूनच चित्रे मंद प्रकाशात, ठरावीक अंतराने टिपतात. चुकून भलतेच जनुक निष्प्रभ झाले असेल, तर निष्कर्ष वेगळ्या मार्गाने पडताळावा लागतो. थोडक्यात, यंत्र पुरावा गोळा करते. प्रश्न विचारणे आणि निवाडा करणे माणसाकडेच राहते.