त्या रात्रीनंतरचे ७२ तास

कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, आणि आता एचआयव्हीच्या धास्तीनं झोप उडाली आहे? आधी घड्याळ बघा. ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, डॉक्टरांना गाठा. धोका दिसला तर ते 'पेप' नावाची औषधं सुरू करतात. ती २८ दिवस न चुकता घ्यायची.

ताप आला का, घसा धरला का, हे चाचपत बसू नका. साध्या सर्दीतही ते होतं. दुसऱ्याच दिवशीची चाचणी त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते. समुपदेशक आधी तुमचं ऐकून घेतात. गुप्ततेला २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याचं संरक्षण आहे. मोफत हेल्पलाइन: १०९७.