त्वचादान : सहा तासांची मुदत



आम्ही बँकेतील कारकून, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. तरीही वाचनातून जे समजले ते आपणापुढे ठेवावे, असे वाटते.

जखम उघडी ठेवावी, वाळू द्यावी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९६२ साली ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगातून दाखविले की, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने धरते. आजची आधुनिक ड्रेसिंग्ज याच पायावर उभी आहेत.

परंतु स्टोव्हच्या भडक्यात अंग खोलवर भाजले तर ड्रेसिंग पुरत नाही. रुग्णाचीच निरोगी त्वचा काढून लावावी लागते. निम्म्याहून अधिक अंग भाजले असेल तर ती आणावी कोठून? अमेरिकेत डॉ. जॉन बर्क व प्रा. यानास यांनी १९८१ साली यावर उपाय मांडला. जनावरातील कोलॅजेन व शार्क माशाच्या कूर्चेतील द्रव्य यांची जाळी आणि वर सिलिकॉनचा पापुद्रा. दोन-तीन आठवड्यांत जाळीत रक्तवाहिन्या वाढतात. मग पापुद्रा काढून रुग्णाचीच अगदी पातळ त्वचा लावतात. शोध मोठा, पण खर्चही मोठा.

दुसरा उपाय आपल्या हाती आहे. मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाठ, मांड्या व पाय यांवरून पातळ थर काढतात. चेहऱ्याला हात लावीत नाहीत. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. रुग्णाच्या अंगावर ती कायमची रुजत नाही, काही आठवड्यांनी गळून पडते. पण तेवढ्या अवधीत वेदना व जंतुसंसर्ग कमी होऊन जीव वाचू शकतो.

आमचे वडील वारले तेव्हा गावाकडच्या मंडळींची वाट पाहण्यात सारी रात्र गेली. त्वचादानाची आठवण आम्हाला पहाटे झाली. मुदत टळली होती. ही रुखरुख अजून जात नाही.

म्हणून विनंती एवढीच : आज घरी गेल्यावर हा विषय काढा. आपली इच्छा मुलाबाळांना सांगून ठेवा. पेढीचा दूरध्वनी क्रमांक मिळवून घरात लिहून ठेवा. दुःखाच्या वेळी हे कोणालाच सुचत नाही, आम्हालाही सुचले नाही.