कडधान्यांतील नत्र आणि प्रयोगशाळेचे दार



बेंगळुरू या नावाविषयी कर्नाटकात एक लोककथा सांगतात. शिकारीत वाट चुकलेल्या होयसळ राजा वीरबल्लाळाला एका वृद्धेने उकडलेले कडधान्य खाऊ घातले; त्यावरून ते स्थळ ‘बेंदकाळूरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, म्हणून ओळखले जाऊ लागले. बेगूर येथील इ. स. ८९० च्या सुमाराच्या शिलालेखात हे नाव आधीच आढळत असल्याने कथेला इतिहासाचा आधार नाही. परंतु याच नगरात पुढे एका मराठी विद्यार्थिनीने कडधान्यालाच आपल्या संशोधनाचा विषय केले, आणि तो इतिहास मात्र खरा आहे.

ही विद्यार्थिनी म्हणजे कमला भागवत, विवाहानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या ज्येष्ठ भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ; दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेले. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी उत्तम रीतीने संपादन करून १९३३ मध्ये कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो नाकारला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच होते.

कमलाबाईंनी आग्रह सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे राहील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करावे लागेल आणि प्रयोगशाळेतील वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये, अशा त्या अटी होत्या. त्यांनी त्या मान्य केल्या. मात्र हा आपला अपमान होता, असे पुढे उतारवयात त्यांनी स्पष्टपणे सांगितले.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे होते. त्यांच्या हाताखाली जो प्रश्न हाती घेतला गेला, तो वरवर पाहता साधा वाटतो. डाळीत प्रथिने किती? प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत अप्रत्यक्ष आहे. डॅनिश रसायनज्ञ केल्डाल याने १८८३ मध्ये सुचविलेल्या रीतीने पदार्थातील नत्र मोजतात. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते, असे धरून त्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. पण दाण्यातील सर्वच नत्र प्रथिनांत नसते. काही भाग सुट्या अमायनो आम्लांत व अन्य संयुगांत असतो. तो वेगळा न काढता केलेला हिशेब प्रथिनांचे प्रमाण वाढवून सांगतो. ज्या देशात बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज डाळीवर भागते, तेथे ही चूक केवळ कागदावरची राहत नाही. कमलाबाईंचे काम कडधान्यांतील या प्रथिनेतर नत्रावर होते.

१९३६ मध्ये त्यांना एम. एस्सी. पदवी मिळाली. दरम्यान रामन यांचे मतही बदलले होते, आणि संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिजला रॉबिन हिल यांच्याकडे काम करताना बटाट्यातील पेशीजालांत त्यांना ‘सायटोक्रोम सी’ आढळले. पेशींच्या श्वसनात भाग घेणारे हे द्रव्य वनस्पतींतही असते, असे त्यावरून दिसून आले. या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली आणि त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या.

दिल्ली व कुन्नूर येथील कामानंतर, १९४७ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईस आल्या, आणि तेथील विज्ञान संस्थेत कडधान्याचा जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. प्रथिने दाण्यात आहेत. पण ती शरीराला मिळतात का? स्वादुपिंडाच्या रसातील ‘ट्रिप्सीन’ हे वितंचक प्रथिनांचे तुकडे करते. काही दाण्यांत मात्र ट्रिप्सिनाला जखडून ठेवणारी द्रव्ये असतात. वालाच्या जातीच्या दाण्यांतून असे निरोधक द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केल्याचे सोहोनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. उष्णतेने अशा द्रव्यांचा प्रभाव पुष्कळ कमी होतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवून खाण्याची कोकणातील रीत केवळ चवीपुरती नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आज बेंगळुरूमध्ये जीवविज्ञानाची मोठी केंद्रे आहेत. भारतीय विज्ञान संस्थेत १९७१ मध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभारला. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र कृषी विज्ञान विद्यापीठाच्या आवारात आहे. तेथील प्रकल्पांची उपकरणे कमलाबाईंच्या काळी कल्पनेतही नव्हती. तरीही कोणत्याही प्रकल्पाविषयी दोन गोष्टी विचारणे आवश्यक आहे. जो आकडा सर्वांनी गृहीत धरला आहे, तो तपासून पाहिला गेला आहे काय? आणि तो तपासू शकेल अशी एखादी व्यक्ती दाराबाहेर थांबवली गेली आहे काय?

१९३३ मध्ये संस्थेने कमला भागवत यांना एक वर्ष पारखण्याचे ठरविले. त्या वर्षात त्या कडधान्यांतील नत्र मोजत होत्या.