पिस्तूल अडलं? आधी पुंगळी कुठं आहे ते बघा

आजचा विषय जरा तेलकट आहे. पॉइंट टू टूचं स्पोर्ट पिस्तूल ऐन सिरीजमध्ये अडतं, ते का?

माझीच फजिती सांगते. २५ मीटर पिस्तूल, रॅपिड स्टेज. तीन सेकंद हिरवा दिवा, सात सेकंद लाल, अशा पाच गोळ्या. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं, तोच हा प्रकार. तिसऱ्या गोळीला ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही. अशा वेळी पिस्तूल निशाणाकडेच धरून मोकळा हात वर करायचा असतो, हे मला पाठ होतं. तरी हातानं स्लाइड ओढलीच! रेंज ऑफिसर म्हणाले, "ताई, आता दाद मागता येणार नाही." तिसरी गोळी शून्य, घाईत चौथी सातवर. निवड हुकली.

मग मी महिनाभर सगळं एकदम बदललं. गोळ्यांचा ब्रँड, तेल, रिकॉइल स्प्रिंग. आठवडाभर ठीक चाललं, मग पुन्हा जॅम. नेमका कशानं फरक पडला होता, ते कळायला मार्गच नाही. शेवटी आर्मररकाकांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "गोळी आत जाताना अडली, की पुंगळी बाहेर पडताना?" मला सांगताच आलं नाही.

सगळी उकल इथून सुरू होते. मात्र हात लावण्याआधी मॅगझिन काढायचं, स्लाइड उघडून चेंबर डोळ्यांनी बघायचं. हे घरीसुद्धा.

नवी गोळी नाक वर किंवा खाली करून चेंबरच्या तोंडाशी अडकली असेल, तर पहिला संशय मॅगझिनवर घ्या. वरचे ओठ फाकलेत का, स्प्रिंग थकलीय का, आतला फॉलोअर अडखळतो का. पॉइंट टू टूच्या काडतुसाला बुडाशी कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढं बसली पाहिजे, मागं गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. शिवाय गोळीचं शिसं आणि मेण चेंबरच्या तोंडाशी साचतं, ते वेगळंच.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली, तर चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टरचा आकडा बघा. आकड्याखाली काजळी घट्ट बसते, टाचणीनं काढावी लागते. आणखी एक. आमच्यातल्या एकीनं स्नॅप कॅप न घालता ड्राय फायरिंग केलं होतं. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथं बारीक ठोकर उठली, आणि पुंगळ्या निघेनात. ते काम आर्मररचंच, स्वतः कानस लावू नका.

पुंगळी निघाली पण स्लाइडमध्ये चिमणीसारखी उभी अडकली, तर बहुधा स्लाइड पूर्ण मागे गेलेली नसते. गोळी त्या स्प्रिंगसाठी मऊ पडते, वंगण सुकलेलं असतं, किंवा मनगट सैल. यात मनगटाचं कबूल करायला कोणी तयार नसतं, मीही नव्हते.

काकांनी मला मॅगझिनवर आकडे टाकायला लावले, एक आणि दोन. बाकी काही बदलायचं नाही, फक्त वहीत लिहायचं: कितवी गोळी, कुठलं मॅगझिन, पुंगळी कुठं. दहा दिवसांत चार जॅम झाले. चारही दोन नंबरच्या मॅगझिनवर, चारही आत जाताना. ते पूर्वी कधीतरी सिमेंटवर पडलं होतं. डावा ओठ केसभर फाकलेला, नखानं चाचपल्यावरच कळला. पक्कडीनं दाबायचा मोह झाला, काकांनी हातातून काढून घेतलं. नवं आणलं.

परवा सरावात पुन्हा अडलं. या वेळी हात वर केला. मॅगझिन एक, चौथी गोळी, पुंगळी चिमणीसारखी उभी. वहीत लिहिलंय. आधी वंगण बघते, मग गोळ्यांचा लॉट. काय सापडलं ते पुढच्या भागात सांगते.